ब्रह्मकमळाच्या कुंडीतील माती

माळव्यात तीन-चार पिढ्यांपासून राहणाऱ्या मराठी घरांत दोन कुंड्या बहुधा हटकून आढळतात. एक तुळशीची, आणि दुसरी ओसरीच्या किंवा सज्जाच्या कोपऱ्यात, जरा सावलीला ठेवलेली ब्रह्मकमळाची. तुळशीचे रोप कोठूनही आणता येते. ब्रह्मकमळ मात्र विकत आणण्याची आपल्याकडे रीत नव्हती. ते कोणीतरी द्यावयाचे असते. दादरच्या मावशीकडून किंवा बडोद्याच्या आत्याकडून एक पान ओल्या फडक्यात गुंडाळून येते, त्याचे रोप होते, आणि काही वर्षांनी पावसाळ्यातील एका रात्री शेजारीपाजारी बोलावले जातात. दहा वाजल्यापासून मुलांना जागे ठेवले जाते, फुलापुढे निरांजन लावले जाते, आणि सकाळी ते फूल मान टाकून लोंबत असते. अशा रोपाची किंमत रुपयांत होत नाही, म्हणूनच ते मेले तर मनाला फार लागते.

हे मी अनुभवाने सांगत आहे. आमच्या घरचे ब्रह्मकमळ माझ्या आईने लग्नानंतर बडोद्याहून आणले होते. जुन्या तेलाच्या डब्यात ते चाळीस वर्षे सुखाने नांदले. डब्यात माती थोडी, पालापाचोळा फार, आणि तळाला गंजून पडलेली भोके. आई गेल्यावर मला वाटले, आता या रोपाची नीट व्यवस्था लावली पाहिजे. मी मोठी चकचकीत कुंडी आणली, तळाशी चार बोटे खडी घातली, एका ओळखीच्या शेतातून उत्तम काळीभोर माती मागविली, तीत सढळ हाताने शेणखत मिसळले, आणि रोज सकाळी न चुकता पाणी घातले. आठ महिन्यांत रोप बुंध्यापासून मऊ पडले. कुंडी उपडी केली तेव्हा आतून नासक्या पाण्याचा वास आला आणि मुळे काळी, बोटांनी दाबताच साल सुटणारी अशी निघाली. शेंड्याकडील वीतभर भाग तेवढा हिरवा होता. डब्यातील हेळसांडीत जे जगले, ते माझ्या सेवेने मेले. असे का व्हावे याचा शोध घेता घेता जे समजले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती ही की शेतातली माती आणि कुंडीतली माती या एकच वस्तू नव्हेत, जरी ती एकाच ढिगातून उचललेली असली तरी. शेतात पाऊस पडला म्हणजे पाणी खाली खाली जाते. खालची कोरडी माती ते ओढून घेते, तिच्याखालची तिच्यापासून घेते, आणि वरच्या थरातील मोठी छिद्रे मोकळी होऊन त्यांत हवा शिरते. गांडुळे, मुंग्या, मेलेल्या मुळांनी सोडलेल्या नळ्या, या सर्वांचे त्या कामी साहाय्य होते. कुंडीत मात्र मातीचा स्तंभ आठ-दहा इंचांचाच असतो आणि त्याच्याखाली ओढून घेणारे कोणी नसते. तेथे पाणी थबकते. मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते, हे आपण सहसा विसरतो. मूळ श्वास घेते, प्राणवायू खर्च करते. भोवतालची सर्व छिद्रे पाण्याने भरून राहिली तर ते गुदमरते, आणि गुदमरलेल्या मुळावर पायथियम, फायटोप्थोरा यांसारखे रोगजंतू चाल करून येतात. यांचे बीजाणू पाण्यात पोहू शकतात. साचलेले पाणी म्हणजे त्यांचा हमरस्ताच. माझ्या कुंडीतील दुर्गंधीचे कारण हे होते.

आता आपल्या काळ्या मातीकडे वळू. दख्खनच्या काळ्या कातळाची, म्हणजे बेसाल्टची, झीज होऊन ती बनली आहे, आणि कापूस, गहू, हरभरा यांसाठी तिच्यासारखी माती नाही, हा तिचा लौकिक यथार्थ आहे. पण तिच्यातील चिकणमातीचा जो प्रकार आहे, ज्याला शास्त्रज्ञ मॉन्टमोरिलोनाइट म्हणतात, त्याचा स्वभाव विलक्षण आहे. भिजली की ती फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात माळव्यातल्या शेतात पाय अडकावा अशा भेगा पडतात, त्या यामुळेच. शेतात या भेगा उपकारक ठरतात. वरची भुसभुशीत माती त्यांत पडते आणि जमीन आपोआप उलथली जाते. कुंडीत मात्र हाच स्वभाव घातक होतो. पाणी घातले की माती फुगून तिची छिद्रे मिटतात. चार दिवस पाणी घालण्याचे राहिले तर सगळा गोळा आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटतो. मग आपण तांब्याभर पाणी ओततो, ते त्या फटीतून सरळ खाली उतरून भोकातून वाहू लागते, आणि आपण समाधानाने म्हणतो, पाणी पोचले. गोळ्याच्या पोटातील मुळे तशीच कोरडी राहतात. म्हणजे एकाच कुंडीत, एकाच आठवड्यात, रोप बुडतेही आणि तहानतेही. शिवाय या मातीत चुनखडीचे खडे असतात; तिची प्रवृत्ती क्षाराकडे असते, त्यामुळे लोह असूनही पुष्कळ झाडांना ते घेता येत नाही, आणि शिरा हिरव्या पण मधले पान पिवळे, असे रूप दिसू लागते.

यावर पुष्कळ जण उपाय सांगतात की तळाशी खडी घाला, म्हणजे पाण्याचा निचरा होईल. मीही तेच केले होते, आणि माझ्या वडिलांनीही तेच केले असते. हा समज इतका सार्वत्रिक आहे की तो खोटा आहे असे सांगताना संकोच वाटतो. परंतु तो खोटा आहे. प्रयोग घरच्या घरी करता येण्याजोगा आहे. भांडी घासण्याचा किंवा अंघोळीचा एक लांबट स्पंज पाण्यात बुडवून पुरता भिजवावा आणि तळहातावर आडवा धरावा. थोडे पाणी गळेल व थांबेल. ते थांबल्यावर स्पंज पिळू नये, केवळ फिरवून लांब कडेवर उभा करावा. लगेच आणखी पाणी गळू लागेल. तेही थांबले की सर्वांत उंच होईल असा टोकावर उभा करावा. पुन्हा धार लागेल. स्पंज तोच, छिद्रे तीच; बदलली ती फक्त उंची. केशाकर्षणामुळे स्पंजाच्या तळाशी ठराविक उंचीचा एक थर पाणी धरून ठेवतो, आणि स्पंज जितका उंच तितका त्या थराच्या वरचा मोकळा भाग अधिक. कुंडीतही तसेच आहे. अमुक माती तळाशी दोन इंच चिखल धरून ठेवणार असेल, तर ती दहा इंची कुंडीत दोन इंच धरील आणि सहा इंची कुंडीतही दोन इंचच धरील. आता तळाशी तीन इंच खडी घातली तर काय होईल? मातीच्या बारीक छिद्रांतले पाणी खडीच्या मोठ्या पोकळीत सहजासहजी उतरत नाही. वरची माती तुडुंब झाल्यावरच ते खाली ठिबकते. म्हणजे चिखलाचा थर नाहीसा होत नाही, तो खडीच्या डोक्यावर चढून बसतो, आणि मुळांच्या तीन इंच जवळ येतो. भोकावर माती अडविण्यापुरता कौलाचा एक बाकदार तुकडा पुरे. निचरा सुधारावयाचा तर तो तळ बदलून सुधारत नाही, संबंध मिश्रण बदलावे लागते. आणि उथळ परडीपेक्षा उंच कुंडी घ्यावी.

मिश्रण कसे असावे, हे रोपाच्या माहेराला विचारावे. ज्याला आपण ब्रह्मकमळ म्हणतो ते हिमालयातील ब्रह्मकमळ नव्हे. हिमालयातील वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातली, सॉसुरिया या नावाची, उंच थंड डोंगरउतारांवर वाढणारी. तिचा आपल्या ओसरीशी काही संबंध नाही. आपली वनस्पती एपिफायलम ऑक्सिपेटलम, आणि ती चक्क निवडुंगाच्या कुळातली आहे. मेक्सिको, ग्वाटेमाला या भागांतील दमट अरण्यांत ती मोठ्या वृक्षांच्या बेचक्यांत वाढते. ज्याला आपण पान म्हणतो तो तिचा चपटा झालेला दांडा. म्हणून तर त्याच्या कडेला कळी धरते. वृक्षाच्या बेचक्यात तिच्या वाट्याला माती अशी येतच नाही. कुजलेली पाने, सालीचे तुकडे, पक्ष्यांची विष्ठा, आणि भरपूर हवा. पाऊस पडतो, धो धो भिजते, आणि तासाभरात पाणी निथळून जाते. आईच्या त्या गंजक्या डब्यात नकळत हेच सगळे जमून आले होते. मी तिला बेचक्यातून उचलून कपाशीच्या शेतात नेऊन बसविले होते.

म्हणून या रोपासाठी मी आता असे मिश्रण करतो, मापाला एकच घमेले धरून: पालापाचोळ्याचे पुरते कुजलेले खत एक भाग, नारळाच्या काथ्याचा भुसा एक भाग, विटांचे वाटाण्याएवढे तुकडे किंवा जाड वाळू एक भाग, आणि लोणारी कोळशाचे बारीक खडे अर्धा भाग. काळी माती घालावयाचीच तर ओंजळभर, याहून अधिक नको. हाती घेऊन मूठ आवळली तर गोळा व्हावा, आणि बोटाने टोचताच तो मोडून पडावा. इतपत ओलसर करून मगच कुंडीत भरावे. भरल्यावर वरून पाणी ओतून पाहावे. ते पृष्ठभागावर तळ्यासारखे उभे राहिले तर मिश्रणात जाड भाग आणखी हवा, हे उघड आहे.

यातील प्रत्येक जिन्नसाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण नावे सारखी असली तरी माल सारखा नसतो. वाळूचेच पाहा. बांधकामाच्या ढिगातील बारीक, मातकट वाळू कुंडीत घातली तर ती चिकणमातीच्या कणांमध्ये बसते आणि वाळल्यावर वीट तयार होते. वाळू धुऊन घ्यावी, रव्याच्या जुन्या चाळणीने चाळावी, आणि चाळणीवर राहील ती वापरावी. खाली पडेल ती टाकून द्यावी. स्वयंपाकघरात याच्या नेमके उलटे करतात, म्हणून एकदा आमच्याकडे चांगली वाळू फेकली गेली आणि पिठूळ तेवढी जपून ठेवली गेली. आणखी एक सूचना अशी की भारी काळ्या मातीत मूठ-दोन मूठ वाळू घालून काहीही साधत नाही. वाळूचे कण एकमेकांना टेकतील, इतके त्यांचे प्रमाण झाल्याशिवाय मोकळी छिद्रे निर्माण होत नाहीत. म्हणजे निम्म्याहून अधिक वाळूच हवी.

काथ्याचा भुसा हल्ली कोकोपीट या नावाने दाबलेल्या विटांच्या रूपात सर्वत्र मिळतो. ५ किलोची वीट भिजविली की साठ-सत्तर लिटर भुसा होतो. तो पाणीही धरतो आणि हवाही धरतो, हा त्याचा मोठा गुण. परंतु काथ्या पुष्कळदा समुद्राकाठच्या खाऱ्या पाण्यात कुजवितात, त्यामुळे भुशात मीठ राहिलेले असण्याचा संभव असतो. तो बादलीत भिजवावा, पिळावा, पाणी फेकावे, आणि असे तीन वेळा करावे. पानांच्या कडा करपतात म्हणून तक्रार करणाऱ्या पुष्कळांनी हे धुणे केलेले नसते. भुशात स्वतःचे अन्न जवळजवळ नसते, हेही विसरू नये. नुसत्या भुशात लावलेले रोप दोन महिने टवटवीत दिसते आणि मग उपाशी पडते.

अन्नाचा भार खतावर. आणि येथे इंदूरकरांना अभिमान वाटावा अशी एक हकीकत आहे. १९२४ साली होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर येथे वनस्पती-संशोधनाची एक संस्था उभी राहिली. तिचे संचालक सर अल्बर्ट हॉवर्ड. कापसाच्या पळकाट्या, गवत, पाने, जनावरांखालचे आच्छादन, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व लाकडाची राख यांचे थर रचून, ओलावा राखून, ठरावीक दिवसांनी उलथापालथ करून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत त्यांनी येथे बसविली. १९३१ साली हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड या दोघांच्या नावाने त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि ती पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली गेली. चहाच्या आणि कॉफीच्या मळ्यांपर्यंत ती पोचली. हॉवर्ड यांचे नाव पुढे सेंद्रिय शेतीच्या इतिहासात मोठे झाले. वाड यांचे नाव मात्र आपल्याच मराठी घरांत फारसे कोणाला ठाऊक नाही.

त्या पद्धतीचे मर्म कुंडीलाही लागू आहे. कच्चा माल आणि पक्के खत यांत फरक आहे. ओला किंवा अर्धवट कुजलेला शेणाचा गोळा कुंडीत गेला तर तो तेथेच कुजू लागतो, उष्णता व अमोनिया सोडतो, आणि मुळांच्या वाट्याचा प्राणवायू स्वतः घेतो. कोरडा लाकडाचा भुसा किंवा न कुजलेली पाने घातली, तर त्यांना कुजविणारे जिवाणू मातीतले नत्र आपल्यासाठी ओढून घेतात आणि रोप पिवळे पडते. पक्के झालेले खत काळसर, भुरभुरीत असते, त्याला पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास येतो, आणि त्यात मूळ वस्तू ओळखू येत नाही. शेणाचा वास येत असेल तर अजून थांबावे. गांडूळखत उत्तम, पण फार बारीक; मिश्रणाच्या चौथाईहून अधिक घातले तर तेच पाणी धरून बसते. ओंजळभर निंबोळी पेंड घातली तर बरे.

पूर्वी युरोपातील माळी प्रत्येक झाडाचे मिश्रण गुप्त ठेवीत आणि जाताना शिष्याच्या कानात सांगत. लंडनजवळील जॉन इन्स संस्थेत १९३० नंतरच्या दशकात विल्यम लॉरेन्स व जॉन न्यूवेल यांनी हे गूढ बाजूला सारून पद्धतशीर प्रयोग केले, आणि दाखवून दिले की वाफेने शुद्ध केलेली चांगली माती सात भाग, पीट तीन भाग व जाड वाळू दोन भाग, एवढ्या एका पायावर बहुतेक कुंडीतली झाडे सुखाने वाढतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेले अर्धकुजके शेवाळ. ते वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढते आणि उपसले की संपते, म्हणून आता तिकडेही त्याचा त्याग करण्याकडे कल आहे. आपल्याला काथ्या उपलब्ध असताना त्याची गरज नाही. पण त्यांच्या प्रयोगातील माती शुद्ध करण्याची गोष्ट घेण्याजोगी आहे. आपल्याकडे त्यासाठी वाफेचे यंत्र नको. वैशाखात ओलसर माती पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत पातळ पसरून, तोंड बांधून, गच्चीवर महिनाभर ठेवावी. रोगजंतू, किडींची अंडी आणि गवताचे बी यांचा बराचसा निकाल लागतो. माती चुलीवर भाजण्याचा सल्ला मी देणार नाही. तो प्रयोग आमच्या घरात एकदा झाला आहे, आणि तो वास तीन दिवस वरणाला येत होता.

माझे हे बोलणे माळव्यापुरते आहे, असे आपणांपैकी कोणास वाटेल, आणि ते काही अंशी खरे आहे. बडोद्याकडील गोराडू माती हलकी, वाळूमिश्रित. तेथे वाळू कमी व खत अधिक घ्यावे. हैदराबादची ग्रॅनाइटच्या झिजेतून आलेली तांबडी माती निचऱ्याला चांगली, पण अन्नाने दुबळी. गोव्यात जांभ्याच्या मातीवर पावसाचा मारा इतका असतो की तेथे कोळसा व विटांचे तुकडे आणखी वाढवावे लागतात. बेळगावकरांच्या दाराशी एका बाजूला तांबडी आणि दुसऱ्या बाजूला काळी, तेव्हा त्यांनी हाताने पाहून ठरवावे. हाताला विश्वास नसेल तर काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, खळखळून हलवावे व ठेवून द्यावे. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. थर मोजले की आपल्या मातीचा स्वभाव कळतो. तुळस, मोगरा, जास्वंद यांना खरी माती लागतेच. त्यांच्यासाठी काळी माती एक भाग, पक्के खत एक भाग व जाड वाळू दोन भाग घेतली तरी चालते. कोरफडीला आणि सर्पपर्णीला वाळू त्याहूनही अधिक.

आता त्या वीतभर हिरव्या शेंड्याचे सांगतो. नासका भाग स्वच्छ सुरीने कापला, आणि कापलेली बाजू सुकून तिच्यावर खपली धरेपर्यंत तो आठवडाभर सावलीत नुसता ठेवून दिला. घरच्यांना वाटले, याने आता आशा सोडली. नंतर चार इंची मातीच्या कुंडीत, वर सांगितलेल्या मिश्रणात, दोन बोटे खोल खोचला, मिश्रण दाबले नाही, वर बोटभर जागा सोडली, आणि बोट खुपसून आत कोरडे लागल्याशिवाय पाणी घातले नाही. लहान रोपाला एकदम मोठी कुंडी देऊ नये. मुळे पोचत नाहीत तेथले पाणी कोणी पीत नाही आणि ते साचून राहते. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, प्लॅस्टिकची सोडत नाही. म्हणून प्लॅस्टिकच्या कुंडीत जाड भाग अधिक घ्यावा.

महिना-दीड महिन्यात मूळ धरले. दुसऱ्या वर्षी सहा इंची कुंडी दिली. दोन-तीन वर्षांनी खत व भुसा झिजून बारीक होतात, छिद्रे बुजतात, आणि मिश्रण खाली बसते. तेव्हा पावसाळा सरताना, फुले होऊन गेल्यावर, ते बदलावे. ऐन ज्येष्ठाच्या तलखीत किंवा पौषाच्या थंडीत हे काम करू नये. पाचव्या पावसाळ्यात त्याच रोपाला दोन कळ्या आल्या. त्या रात्री जमलेल्यांपैकी तिघांनी पान मागितले, आणि रीतीप्रमाणे ते दिले. फक्त आता आमच्या घरी पानासोबत शेरभर मिश्रणाची एक पिशवीही देतात, आणि घेणाऱ्याला दारातच विचारतात की कुंडीच्या तळाशी खडी तर घालणार नाही ना.